मोरीतला कोरस

"काकू, रागावू नका, पण तुमच्या नातवानं काल आम्हा सहाजणींना तुमच्या मोरीत का उभं केलं?"

विचारायचं नाही असं रात्री ठरवलं होतं. सकाळी काकू कढीपत्ता तोडायला भिंतीशी आल्या आणि तोंडातून गेलंच. कढीपत्त्याचं झाड आमच्या आवारात, पण निम्म्या फांद्या भिंतीवरून काकूंकडे गेलेल्या. त्यामुळे दोन्ही घरच्या फोडण्या एकाच झाडावर चालतात, आणि गप्पाही त्याच झाडाखाली. शिवाय आज मला सवड होती. आमच्या पाइपात रात्रभर गुरगुर चालली होती म्हणून प्लंबर आलेला, पाणी बंद, भांडी ओट्यावर तशीच.

झालं होतं असं, की आषाढीला देवळात लावायला आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग काकूंच्या नातवानं करून दिलं. मुंबईला त्याचं शिक्षण घेऊन पोरगा सांगलीला परत आला आणि आजीच्या अडगळीच्या खोलीत गोधड्या टांगून त्यानं स्टुडिओ थाटला. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. पाहतो तर मुख्य गाणाऱ्या मावशी माजघरात, पेटी आणि पखवाज बाहेरच्या खोलीत, आणि मागं म्हणणाऱ्या आम्ही सहाजणी मोरीत. बादली तेवढी बाहेर काढलेली.

"म्हणजे त्यानं सांगितलं नाही तुम्हाला?" काकूंनी कढीपत्त्याची काडी परडीत टाकली. "अगं, मोठ्या लोकांची रीत आहे ती. बोस्टनला असंच केलं होतं."

"कुठं?"

"बोस्टनला, अमेरिकेत. १९८७ चा डिसेंबर. पिक्सीज नावाचा चौघांचा रॉक बँड, तीन पुरुष आणि एक बाई. आवाजाला घुमारा हवा होता. यंत्रातून तसला घुमारा काढता येतो, पण रेकॉर्डिंग करणाऱ्याला तो खोटा नको होता. त्यानं सरळ स्टुडिओच्या बाथरूममध्ये माईक नेला आणि तिथं गायला लावलं. ती रेकॉर्ड म्हणजे 'सर्फर रोझा'. पुढच्या वर्षी निघाली आणि जगभर गाजली. तुझा आवाज तुला गेल्या जन्मात तरी इतका घुमलेला ऐकू आला होता का?"

काकू चौऱ्याहत्तरच्या. ट्रेझरीत नोकरी केलेल्या. आकडा एकदा कानावरून गेला की तो त्यांच्या खतावणीत कायमचा. नातू जेवताना बोलतो, या ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीशी आम्हाला मिळतो तो ताळेबंद.

"हा रेकॉर्डिंगवाला म्हणजे तुमच्या नातवाच्या खोलीत फोटो लावलाय तो का? चष्मेवाला, किडकिडीत, अंगात मेकॅनिकचा डगला? मला वाटलं गॅस एजन्सीचं कॅलेंडर आहे."

"मलाही तसंच वाटलं होतं. तोच तो, स्टीव्ह आल्बिनी. आणि तो डगला नाही, बॉयलर सूट. कामावर तोच घालायचा. त्याच्या स्टुडिओत तीच पद्धत. एका अर्थी तुझं बरोबरच आहे म्हणा. तो स्वतःला प्लंबरच म्हणवून घ्यायचा."

वर टाकीपाशी पाना पडल्याचा आवाज झाला. आमच्या प्लंबरला उचकी लागली असावी.

"मूळचा कुठला?" मी विचारलं. आमच्याकडे माणसाची ओळख गावापासून सुरू होते, मग तो अमेरिकेचा का असेना.

"जन्म १९६२ चा, कॅलिफोर्नियात पासाडेनाला. वाढला माँटाना राज्यातल्या मिझूला गावी. वडील जंगलातले वणवे कसे पसरतात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. पोरगा शिकागोकडे आला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारिता शिकला आणि गिटार घेऊन बसला. बिग ब्लॅक म्हणून बँड काढला. सुरुवातीला जवळजवळ सगळं स्वतःच वाजवायचा. ड्रम वाजवायला माणूस नव्हता, तर रोलंड कंपनीचं ड्रमचं यंत्र आणलं. आणि गंमत ऐक. रेकॉर्डवर वादकांची नावं छापली त्यात ड्रमपुढं लिहिलं 'रोलंड'. यंत्राला बँडचा सभासद करून टाकलं."

"बरं की. चहा मागत नाही, रुसत नाही."

"हो ना, मानधनही मागत नाही. गिटारचा पट्टासुद्धा जगासारखा खांद्यावर नाही, कमरेला बांधायचा. १९८७ ला तो बँड मोडला. पुढं १९९२ मध्ये शेलॅक म्हणून तिघांचा काढला, तो शेवटपर्यंत चालवला. पण पोट त्यावर नव्हतं. पोट होतं दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करण्यावर. आणि त्याआधी काय नोकरी करायचा ठाऊक आहे? फोटो रीटच करायची. चेहऱ्यावरचे डाग घालवायचे, सुरकुत्या पुसायच्या."

मी खुलले. "मग हे तर माझ्याच बाजूचं झालं! काकू, मी काल नातवाला तेच म्हणत होते. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी माझा सूर जरा घसरलाय. कॉम्प्युटरवर तो सरळ करता येतो म्हणे, गायकांचे करतातच की. तर म्हणाला, 'मावशी, तुम्ही तशाच गाता.' शोभतं का हे?"

काकू इतक्या हसल्या की परडीतला कढीपत्ता उडाला.

"तिथंच तर सगळं आहे ना! दिवसभर लोकांच्या तोंडावरचे डाग पुसणारा माणूस, पण आवाजावरचा एक डाग पुसायला राजी नव्हता. त्याचं म्हणणं असं की बँड खोलीत जसा वाजतो तसा तो टेपवर उतरला पाहिजे. चौघांनी एकत्र उभं राहून वाजवायचं, आपण माईक नीट लावायचे आणि गप्प बसायचं. गाणं कसं बसवावं, कुठलं कडवं कापावं, हे सांगणारे आपण कोण? रेकॉर्डवर 'निर्माता' म्हणून नाव छापलेलं त्याला चालायचं नाही. 'रेकॉर्डिंग अमक्याचं' एवढंच लिहा, नाही लिहिलं तरी बिघडत नाही."

"पण मग त्यात त्याची कला काय? माईक तर आमचा मंडपवालाही लावतो."

"मंडपवाला एक लावतो आणि तो शिट्टी मारतो. हा एकट्या ड्रमच्या भोवती वीस-तीस माईक मांडायचा. काही ड्रमच्या तोंडाशी, काही लांब, काही चक्क जमिनीवर. ड्रम ऐकताना तो ज्या खोलीत वाजतोय ती खोलीसुद्धा ऐकू आली पाहिजे, हे त्याचं खूळ. म्हणून तर माझं घर उलटंपालटं झालंय. हा मुलगा भिंतींना टाळ्या वाजवून बघतो. आमची मोरी पहिल्या नंबरानं पास झाली."

एवढ्यात प्लंबर खाली आला. पाइपाच्या एका टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, त्याच्या मुठीला कान लावला आणि आम्हाला हातानंच खूण केली : जरा गप्प. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या गप्प. मिनिटभर ऐकून तो "वरच आहे" म्हणाला आणि परत शिडी चढला.

"बघितलंस?" काकू कुजबुजल्या. "तोडफोड करायच्या आधी ऐकतो."

"ते राहू द्या. प्लंबरची गोष्ट सांगत होता."

"हां. निर्व्हानाचं नाव ऐकलंयस?"

"ऐकलंय. आमच्या थोरल्याच्या बनियनवर आहे. पाण्यात नोटेच्या मागं पोहणारं बाळ."

"ते 'नेव्हरमाइंड', १९९१ चं. ते करणारा वेगळा. बुच व्हिग, तोही मूळचा ड्रम वाजवणारा. त्याच्याकडे मी येते नंतर. नेव्हरमाइंड तुफान खपलं, गाणारा कर्ट कोबेन एका वर्षात जगातला सगळ्यात प्रसिद्ध पोरगा झाला, आणि झाला तसा कावला. रेकॉर्ड फार गुळगुळीत झाली म्हणायला लागला. पुढची रेकॉर्ड करायला त्यानं आल्बिनीला बोलावलं, कारण सर्फर रोझा त्याची लाडकी. तेव्हा आल्बिनीनं बँडला एक लांबलचक पत्र लिहिलं. नातवानं मला ते वाचून दाखवलं, मराठी करून."

"काय होतं त्यात?"

"एक म्हणजे, रेकॉर्डला आठवड्याहून जास्त दिवस लागत असतील तर कोणीतरी घोळ घालतंय असं समजा. दुसरं, मला रॉयल्टी नको. गाणी तुमची, वाजवणार तुम्ही, लोक रेकॉर्ड घेणार ती तुमच्यासाठी. मग खपातला वाटा मी कशाला घेऊ? प्लंबर येतो, काम करतो, कामाचे पैसे घेऊन जातो, तसे मला द्या. आणि पुढं हिशोब मांडलाय बघ. असल्या कामाला एक-दीड टक्का मागायची रीत आहे. तीस लाख रेकॉर्डी खपल्या धरल्या तर चारेक लाख डॉलर होतात. एवढे पैसे घेतले तर मला झोप लागणार नाही, असं लिहिलंय."

"मग घेतले किती?"

"एक लाख डॉलर, ठोक."

"काकू!" मी भिंतीवरून जवळजवळ पलीकडे गेले. "एक लाख डॉलर घेणारा प्लंबर? आमचा हा बिचारा भेट देण्याचे तीनशे सांगतो तर तुम्हीच मागच्या वेळी पन्नास कमी केले होते!"

काकू जरा वरमल्या, पण ट्रेझरीचं माणूस हिशोबात हरत नाही. "जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडकडून एक लाख घेतले. आणि पिक्सीज तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, तर सर्फर रोझाचे घेतले पंधराशे. ज्याच्या घरात जेवढं पाणी तेवढा नळ. पण एकदाच. ती रेकॉर्ड आजही खपतेय, त्यातला पैसा त्याला येत नव्हता. चार लाख समोर दिसत असताना एकावर थांबायचं, हे सोपं आहे का? आपण भिशीत नंबर लागला तर किती उड्या मारतो."

हे मात्र खरं. गेल्या महिन्यात माझाच लागला होता.

"मिरजेच्या सतारमेकरांसारखंच म्हणायचं मग हे," मी म्हटलं. आमचं माहेर मिरजेचं, त्यामुळे संधी मिळाली की मी मिरज आणतेच. "तंबोरा करून देतात, जवारी काढून देतात. त्याच्यावर पुढं कोणी बुवा जगभर मैफली करतो. पण सतारमेकर कधी म्हणत नाही की प्रत्येक मैफलीची चार आणे बिदागी माझी."

"अगदी तेच! हे मी नातवाला सांगते आज. त्याला आवडेल."

"आणि झाली का ती रेकॉर्ड आठवड्यात?"

"दोन आठवडे लागले. फेब्रुवारी १९९३. मिनेसोटात कॅनन फॉल्स नावाचं लहानसं गाव आहे, तिथं जंगलात पॅकिडर्म म्हणून स्टुडिओ. भाडं चोवीस हजार डॉलर. लोकांची झुंबड नको म्हणून बुकिंगसुद्धा खोट्या नावानं, सायमन रिची ग्रुप. बाहेर बर्फ, आत बँड आणि आल्बिनी. कोबेनचं बरंचसं गाणं सहा तासांत आटपलं. मधल्या वेळात आल्बिनी ओळखीपाळखीच्या लोकांना खोट्या नावानं फोन करून फसवत बसायचा."

"म्हणजे आपल्यातलाच."

"फोनची गंमत सोड, पुढं महाभारत झालं. रेकॉर्ड कंपनीला ते ऐकवलं तर त्यांची तोंडं वाकडी. फार खरखरीत, शब्द ऐकू येत नाहीत, विकायचं कसं? वर्तमानपत्रांपर्यंत गेलं. बँडचंही मन जरा डळमळलं. शेवटी दोन गाणी स्कॉट लिट नावाच्या दुसऱ्या माणसाकडून नव्यानं मिक्स करून घेतली. सप्टेंबरात 'इन युटेरो' निघाली ती पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत पहिल्या नंबरवर. पण आल्बिनीवर शिक्का बसला. मोठ्या कंपन्यांकडून येणारी कामं काही काळ आटली, असं तो पुढं सांगायचा."

"म्हणजे वाटाही नाही आणि वर कामही गेलं."

"वीस वर्षांनी, २०१३ ला, उरलेल्या बँडनं त्यालाच बोलावून ती रेकॉर्ड पुन्हा मिक्स करून घेतली. कोबेन बिचारा ९४ मध्येच गेला होता."

दोघी क्षणभर थांबलो. गप्पांमध्ये कोणी गेलं की एवढं थांबायचं असतं. मग काकूंनी पदर खोचला. हे लक्षण मला ठाऊक आहे. आता आकडे येणार.

"'इन युटेरो' निघाली त्याच साली आल्बिनीनं एक लेख लिहिला. 'द बॅफलर' नावाच्या मासिकात. नाव साधंच, संगीतातली अडचण काय अशा अर्थाचं. पण आत पूर्ण जमाखर्च. एक काल्पनिक बँड घेतलाय. चार पोरं. मोठी कंपनी त्यांना अडीच लाख डॉलर उचल देते. पोरं खूश, गावभर पेढे. मग त्याच उचलीतून स्टुडिओचं भाडं, वकील, मॅनेजर, गाडी, व्हिडिओ. रेकॉर्ड करून देणारा निर्माता एकूण नव्वद हजार घेतो. मॅनेजर एक्कावन्न हजार. अडीच लाख रेकॉर्डी खपतात, म्हणजे चांगल्याच खपल्या म्हणायच्या. कंपनीला सुटतात सात लाख दहा हजार. आणि पोरांच्या हातात प्रत्येकी किती येत असतील?"

"पन्नास हजार?"

"चार हजार एकतीस डॉलर आणि पंचवीस सेंट."

"अगं बाई!"

"वर कंपनीच्या वहीत पोरांच्या नावावर चौदा हजार डॉलर येणंच! चोवीस तास उघड्या दुकानात गल्ल्यावर बसली असती तर तिप्पट मिळाले असते, असं त्यानंच लिहिलंय. मी ट्रेझरीत असले हिशोब बघितलेत गं, पण त्यात नावं ठेकेदारांची असायची."

माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच आलं. आमच्या सासऱ्यांची उसाची शेती, कारखान्याच्या हंगामात टोळ्या यायच्या. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पहाटे फडात. हंगाम संपताना हिशोब व्हायचा आणि कित्येकांची उचल फिटलेलीच नसायची. मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे, तीच उचल डोक्यावर घेऊन.

"कोयत्याची उचल ही," मी म्हटलं.

"तीच. फक्त हातात कोयत्याच्या जागी गिटार. म्हणून हा गडी मुकादम व्हायला तयार नव्हता. दुसऱ्याच्या उचलीत आपला हिस्सा नको म्हणायचा."

हे पटत होतं, पण शेजारधर्म म्हणून थोडा विरोध करणं मला भाग होतं. "पण काकू, सगळेच वाटा घेणारे मुकादम नसतात. त्या बनियनवाल्याचं काय, बुच व्हिग? त्यानं नुसते माईक लावले नसणार."

"नाहीच. म्हटलं ना येते म्हणून. तो विस्कॉन्सिनचा, मॅडिसनला स्मार्ट स्टुडिओ काढला होता त्यानं. त्याची रीत उलटी. कोबेनला तेच तेच गाणं दोनदा गायला लावून एकावर एक चढवायचं होतं, म्हणजे आवाज भरदार होतो. कोबेन तयार होईना, त्याला ते फसवणूक वाटायचं. तर व्हिग म्हणाला, 'जॉन लेननसुद्धा असंच करायचा.' लेनन म्हटल्यावर पठ्ठ्या गुपचूप गायला."

"वा! याला म्हणतात सून घरात आणणं."

"नेव्हरमाइंड जसं झालं त्यात व्हिगचा हात आहेच, कोण नाही म्हणतं? पुढं त्यानं स्वतःचाही बँड काढला, गार्बेज म्हणून. म्हणजे कचरा. त्यात तो अजून ड्रम वाजवतो. लग्नात बघ, नवरीला सजवणारी असते आणि फोटो काढणारा असतो. सजवणारीनं चेहरा उजळला तर तिनं कौतुकात वाटा मागावा. फोटोवाल्यानं का मागावा? आल्बिनी म्हणायचा, मी फोटोवाला."

"पण फोटोवालाही कुठून काढायचा ते ठरवतोच ना? तुमच्या नातवानं आम्हाला मोरीत ठेवलं, माजघरात नाही. ते त्यानंच ठरवलं. मग आमचा आवाज आमचाच कसा राहिला?"

काकूंना उत्तर सुचलं नाही. त्यांनी कढीपत्त्याची एक मोठी फांदी तोडली, गरज नसताना. माझ्या हिशोबात एक गुण जमा.

"तेही खरंच," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "तो काही देवमाणूस नव्हता. तरुणपणी तोंड फार घाण. पिक्सीजची रेकॉर्ड स्वतः केली आणि मागाहून छापून त्यांनाच नावं ठेवली. मग माफी मागितली. मधल्या काळात एका बँडला असलं अभद्र नाव दिलं होतं की मी ते या झाडाखाली उच्चारणार नाही. म्हातारपणाकडे झुकल्यावर मात्र उघड म्हणाला की तेव्हा मी चुकलो, ज्यांना ते बोलणं लागत होतं त्यांचा विचार मी केला नाही, आणि माझं काही बिघडत नव्हतं म्हणून मी तसं बोलू शकलो."

"एवढं तरी किती जण म्हणतात."

"आपल्या मंडळात तरी कोणी म्हटल्याचं आठवत नाही," काकू म्हणाल्या. नाव घेतलं नाही, पण आम्हाला दोघींना एकच चेहरा दिसला.

"एवढं सचोटीनं वागून भागायचं कसं हो त्याचं?"

"ओढाताण असायचीच. १९९७ ला शिकागोत बेलमाँट अव्हेन्यूवर स्वतःचा स्टुडिओ उघडला, इलेक्ट्रिकल ऑडिओ. न्यू मेक्सिकोतून उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा आणून भिंती घातल्या."

"मातीच्या? शिकागोत?"

"आवाज बाहेर जात नाही आणि आत छान बसतो. आपल्या जुन्या वाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या भिंती आठव. एका खोलीत बोललेलं दुसरीत ऐकू येत नसे, म्हणून तर एकत्र कुटुंबं टिकली. आणि एक खोली अशी की आत जराही घुमत नाही. तिचं नाव तुरुंगावरून ठेवलंय, अल्काट्राझ. बाहेरगावच्या पोरांना राहायला माडीवर खोल्या. फोन केला तर बऱ्याचदा हाच उचलायचा. ज्याला पैसे परवडतील त्याचं काम करायचं, बँड गाजलेला आहे का ते बघायचं नाही. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांची रेकॉर्ड केली, पीजे हार्वेची केली, आणि नाव न ऐकलेल्या शेकडो पोरांची केली. काही हजार रेकॉर्डी होतील."

"आणि कॉम्प्युटर?"

"नाही. टेपच. जोडायची तर पात्यानं कापून चिकटवायची. म्हणायचा, टेप पन्नास वर्षांनीही वाजते, कॉम्प्युटरची फाइल दहा वर्षांनी उघडेल का सांगता येत नाही."

याला मी जोरात मान डोलावली. नणंदेच्या लग्नाची सीडी कुठल्याच यंत्रात उघडत नाही. आईनं कॅसेटवर भरलेल्या ओव्या मात्र अजून वाजतात, मध्ये कुकरच्या शिट्टीसकट.

"आणि पैसे कमी पडले तर पत्ते खेळायचा," काकू सहज म्हणाल्या.

"काय?"

"पोकर. लास व्हेगासला जगाची मोठी स्पर्धा असते. २०१८ मध्ये एक फेरी जिंकला, एक लाख पाच हजार सहाशे एकोणतीस डॉलर. २०२२ ला पुन्हा जिंकला, एक लाख शहाण्णव हजार एकोणनव्वद."

"म्हणजे इन युटेरोपेक्षा जास्त पत्त्यांत मिळाले!"

"समोरच्याकडून उघडपणे जिंकलेले चालायचे. न विचारता पोरांच्या वहीतून वळते झालेले नकोत, एवढंच. आणि मिळालेला पैसा नुसता साठवतही नव्हता. बायको आणि तो दर नाताळात शिकागोतल्या गरीब घरांसाठी निधी जमवायचे. पोरांनी सांताक्लॉजला लिहिलेली पत्रं असतात ना, ती वाचून त्या घरी सामान पोचवायचे."

"अजून आहे का तो?"

"७ मे २०२४ ला गेला. हृदयविकारानं. एकसष्ट म्हणजे काही वय नाही. दहा दिवसांनी शेलॅकची नवी रेकॉर्ड निघायची होती, ती ठरल्या दिवशी निघाली. त्या दिवशी आमचा हा जेवला नव्हता. मी म्हटलं, अरे, तुझ्या नात्याचा ना गोत्याचा. तर म्हणाला, आजी, त्यानं शिकवलं की आपण मध्ये यायचं नाही." काकूंनी डोळ्यांवरून पदर फिरवला आणि लगेच आवाज चढवला, "आणि हा इथं सगळ्यांच्या मध्ये! काल माझ्या स्वयंपाकघरात केबल टाकून गेला, मी अडखळून पडले असते!"

तेवढ्यात त्यांच्या अडगळीच्या खोलीची खिडकी उघडली आणि आमचंच भजन बाहेर आलं. पोरगा ऐकून बघत होता. पखवाज इतका स्वच्छ की बोट उचललेलं कळावं. मावशींचा आवाज माजघरात, आणि मागून आम्ही सहाजणी, गाभाऱ्यातून याव्यात तशा. मी अंग चोरून तिसऱ्या कडव्याची वाट बघत उभी राहिले. आलं. सूर घसरला. घसरला तो माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही, शंभरांत ओळखावा असा. आणि त्याच्या मागं आणखी काहीतरी ऐकू आलं.

टप्. टप्. टप्.

"काकू, हे काय वाजतंय?"

"मोरीतला नळ," काकू शांतपणे म्हणाल्या. "गेले दोन महिने गळतोय. हा म्हणतो, लयीत आहे, राहू दे."

"काढून टाकायला सांगा!"

"तुझा सूर काढला नाही, नळ काढेल होय?"

आमचा प्लंबर खाली उतरला होता. पाइपात हवा धरली होती, ती काढली म्हणाला. नळ सोडून दाखवला. गुरगुर गेली होती. काकूंनी भिंतीवरूनच त्याला त्यांच्या मोरीतल्या नळाचं सांगितलं. वॉशर गेला असेल, तो म्हणाला, नळ बदलू नका, जुना पितळी आहे, चांगला आहे. मग काकूंना राहवलं नाही.

"काय रे, समजा तुला म्हटलं की कामाचे पैसे आत्ता देत नाही, पण या नळातून जेवढं पाणी येईल त्यात तुझा थोडा वाटा, दर वर्षी, कायमचा. तर घेशील?"

त्यानं पाना पुसत विचार केला. मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे.

"घेईन की. नको कशाला म्हणू?"

काकूंचा चेहरा उतरला. पिशवीची चेन लावता लावता तो थांबला.

"पण मग तो नळ माझाच झाला ना काकू. रात्री दोनला गळला तरी मलाच यावं लागेल, आणि पैसे मागता यायचे नाहीत. ते नको. तीनशे द्या आणि मोकळं करा."

मी तीनशे दिले. काकूंनी यावेळी मध्ये तोंड घातलं नाही. प्लंबर भिंतीला वळसा घालून त्यांच्या फाटकाकडे निघाला, तेव्हा अडगळीच्या खोलीतून नातू ओरडला, "आजी, नळाला हात लावू देऊ नकोस! कोरसचा अजून एक टेक घ्यायचाय!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी साडी सारखी केली आणि विचारलं, "किती वाजता?"